अण्णांच्या शुक्रावरचा पाऊस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कादंबरी लिहिताय. तिचे नायक अण्णा, सदाशिव पेठेत राहणारे, १९२६ साली जन्मलेले विज्ञानकथालेखक. असे कोणी होऊन गेलेले नाहीत, सगळे तुमच्या कल्पनेतले. पण त्यांच्या कथा वाचून दोन पिढ्यांतली मुलं विज्ञानाकडे वळली, हे वाचकाला पटलं पाहिजे. त्यासाठी तुम्ही चाळीस पानं त्यांचं चरित्र लिहिलंत, पुस्तकांची यादी दिलीत, पुरस्कार दिलेत. ज्या तिघांना वाचायला दिलंत ते तिघंही म्हणाले, मानपत्र वाटतंय. आता अण्णा खरे वाटावेत म्हणून काय करू, असं तुम्ही विचारलंय.

मी गेली अठ्ठावीस वर्षं पुण्यात दिवाळी अंकांसाठी विज्ञानकथा निवडते आणि तपासते. थोड्या लिहिल्याही आहेत. तुमची चाळीस पानं मी दोनदा वाचली. अण्णांवर तुमची माया आहे, ती ओळीओळीत दिसते. त्या मायेपोटीच तुम्ही त्यांना एकदाही चुकू दिलेलं नाही. तुमचे अण्णा १९५८ सालीच घरोघरचा संगणक, खिशातला फोन, सगळं ओळखून बसलेत. असा लेखक जगातल्या कुठल्याही भाषेत झालेला नाही, आणि वाचकाला ते आतून कळतं. म्हणून माझं सांगणं असं: अण्णांच्या प्रत्येक कथेपुढे तारीख घाला आणि त्या तारखेला त्यांना काय माहीत नव्हतं ते शोधून काढा. अण्णा तिथे सापडतील.

सामाजिक कथा लिहिणाऱ्याला ही अडचण नसते. त्याची कथा जुनी होते, पण खोटी पडत नाही. विज्ञानकथा लिहिणाऱ्याचं मात्र असं होतं की एखाद्या सकाळी वर्तमानपत्र उघडावं आणि आपण जिथे माणसं उतरवली, झाडं लावली, नद्या सोडल्या, तो ग्रहच तसा नाही असं छापून आलेलं असावं. त्या सकाळी तो माणूस काय करतो? चहा निवतो का? कचेरीत वेळेवर जातो का? पुढची कथा कशावर लिहितो? या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असतील, तर पुरस्कारांची यादी फाडून टाकलीत तरी चालेल.

आता हे तुमच्या अण्णांवरच करून बघू.

पहिली गोष्ट नोकरीची. तुम्ही त्यांना 'शासकीय सेवेत' ठेवलंय. ते फार मोघम आहे. मी त्यांना सिमला ऑफिसात घालीन. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिसच म्हणतात. अण्णा तिथे निरीक्षक. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. पाऊस नसेल तर शून्य लिहायचं. देशभरच्या वेधशाळांत पाऊस याच वेळेला मोजतात. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा १९४८ साली या कामाला लागला, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९८४ मध्ये, निवृत्त होईपर्यंत त्याने किती हजार वेळा पाणी मोजलं असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. अशा माणसाच्या डोक्यात कुठला ग्रह घर करील?

शुक्र. कारण शुक्र ढगांनी झाकलेला, आणि ढगांखाली काय आहे ते तेव्हा कोणालाच दिसत नव्हतं. १९५० च्या दशकात नामांकित खगोलशास्त्रज्ञसुद्धा तिथे समुद्र असू शकतील असं मांडत होते. जगभरच्या कथालेखकांनी शुक्रावर दलदल, नेचांची रानं आणि न थांबणारा पाऊस रंगवला होता. अण्णांनीही रंगवला, यात त्यांचं काही चुकलं नाही. ते त्या काळाच्या ज्ञानाला धरूनच होतं.

शिवाय दिवाळी अंकांचं वेळापत्रक बघा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीभोवती फिरतं. दिवाळीला अंक हवा तर हस्तलिखित आषाढ-श्रावणात संपादकाच्या हाती पडायला हवं. म्हणजे अण्णांचे लिहिण्याचे दिवस भर पावसाळ्यात, खात्यात कामाची सगळ्यात जास्त गर्दी असते तेव्हाच. दिवसा पुण्याचा पाऊस मोजायचा आणि रात्री शुक्राचा पाडायचा. हे मी काही फार कल्पकतेने सुचवत नाही. नोकरी आणि छापखान्याचं कॅलेंडर शेजारी ठेवलं की आपोआप दिसतं.

पुढे १२ जुलै १९६१. पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. तुमच्या चाळीस पानांत पानशेत एका वाक्यात आलंय: 'पुरात त्यांची अनेक हस्तलिखितं वाहून गेली.' कल्पित लेखकाची महान कृती पुरात, आगीत किंवा रद्दीत जाणं ही आपल्या सगळ्यांची सवयीची पळवाट आहे. वाचक ती ओळखतो. हरवलेलं खरं वाटायला हवं असेल तर उरलेलं दाखवा.

माझ्या सासूबाई तेव्हा नारायण पेठेत नव्यानेच सासरी आलेल्या. आमच्या घरात अजून एखादी वस्तू सापडली नाही की 'पानशेतात गेली' असं म्हणतात, मग ती गेल्या वर्षी घेतलेली का असेना. त्या सांगायच्या की पाणी ओसरल्यावर माळ्याखालच्या ट्रंकेतून कागद काढले, चिखल धुतला आणि दोरीवर कपड्यांसारखे वाळत घातले. शाईने लिहिलेलं सगळं पसरून कागद फिकट निळे झाले होते. पण दुधाचा हिशेब शिसपेन्सिलीने लिहिलेला होता, तो जसाच्या तसा राहिला. शाई पाण्यात विरघळते, पेन्सिलीतलं ग्राफाइट विरघळत नाही. घराच्या खरेदीचा कागद गेला आणि 'सोमवार दीड शेर' राहिलं. ती वही मी हाताळली आहे. पानं फुगून कडक झालीत, कडेला मातीची रेघ आहे, आणि मधे ते बारीक, करडे आकडे.

आता अण्णांकडे या. ते कथा शाईने लिहीत आणि दुरुस्त्या पेन्सिलीने करत, एवढंच तुम्ही आधी कुठेतरी सहज सांगून ठेवा. मग पुरानंतर दोरीवर वाळणाऱ्या पानांवर काय उरेल? कथा नाहीत. ओळींच्या मधे आणि समासात घातलेल्या दुरुस्त्या फक्त. 'येथे पाऊस अधिक.' 'हा परिच्छेद नको.' 'गोपाळराव एवढे बोलणार नाहीत.' निळ्या डागांमधे तरंगणारी अशी वाक्यं. चारशे पानांच्या नष्ट साहित्याची एवढी एक दोरी वाचकाला दाखवलीत की त्यापुढे तुम्हाला एकही विशेषण लागणार नाही. त्या वर्षीच्या दिवाळी अंकांत अण्णांचं नाव कुठेही नाही, हेही मग कोणी मुद्दाम सांगायला नको. अनुक्रमणिका दाखवली की झालं.

आणि अजून अण्णांचा वाईट काळ संपलेला नाही. १४ डिसेंबर १९६२ ला अमेरिकेचं मरिनर-२ हे यान शुक्राजवळून गेलं. नंतरच्या काही आठवड्यांत आकडे जाहीर झाले: पृष्ठभाग शिसं वितळेल इतका तापलेला. समुद्र नाही, दलदल नाही, पावसाचा प्रश्नच नाही. पानशेत ते मरिनर, मधे सतरा महिने. पहिल्या पाण्याने अण्णांचे कागद नेले, दुसऱ्या बातमीने पाणीच नेलं. हे सतरा महिने तुमच्या कादंबरीचा कणा व्हावेत असं मला मनापासून वाटतं. सध्या ते तुमच्याकडे दीड पानात उरकलेत.

इथे एक बारकावा आहे, आणि तो फार कामाचा आहे. शुक्र भाजून निघालेला असावा अशी शंका मरिनरच्या आधीच, १९५६ मध्ये, रेडिओ दुर्बिणीच्या मोजमापांवरून आली होती. ती सगळ्यांनी मान्य केली नव्हती, पण जर्नलं वाचणाऱ्याला माहीत होती. अण्णा सिमला ऑफिसात. तिथे ग्रंथालय आहे. मग १९५८ ची पावसाची कथा लिहिताना त्यांनी ते वाचलेलं होतं का? वाचलेलं नसेल तर ते एक साधे, कष्टाळू लेखक. वाचूनही पाऊस पाडला असेल तर मात्र त्यांच्या मनात काही होतं, ज्याच्यासाठी त्यांनी आकड्याकडे पाठ केली, आणि हा माणूस तर रोज सकाळी आकडाच लिहीत होता. तुम्ही लेखक म्हणून हे ठरवलंच पाहिजे. वाचकाला सांगितलं पाहिजे असं नाही.

खऱ्या आयुष्यांतही असं असतं. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५७ साली विज्ञान कादंबरी लिहिली, आणि ते ज्या स्थिरस्थिती विश्वाच्या, म्हणजे विश्वाला सुरुवातच नाही असं मानणाऱ्या सिद्धान्तासाठी ओळखले जात, त्याला १९६५ मध्ये सूक्ष्मलहरींचं वैश्विक प्रारण, म्हणजे महास्फोटाचा पुरावा मानली जाणारी आकाशभरची मंद ऊब, सापडल्यावर मोठा धक्का बसला. त्यांनी आपली बाजू सोडली नाही. त्यांचे विद्यार्थी डॉ. जयंत नारळीकर यांनीही पुढे त्यांच्यासोबत सुधारित सिद्धान्त मांडला. बहुमत दुसरीकडे गेल्यावरही माणूस एखाद्या विचाराशी का राहतो, हे समजून घेणं म्हणजे त्याचं चरित्र समजून घेणं.

आता अण्णांच्या लेखनाबद्दल. तुम्ही त्यांच्या कथांना 'गाजलेल्या', 'अजरामर' म्हटलंय, पण एकही ओळ दिलेली नाही. काही ओळी द्याव्याच लागतील, आणि त्या तारखेच्या मराठीत द्याव्या लागतील. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले आणि त्यांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले. त्याआधीची अण्णांची कथा आजच्या लेखनात छापलीत तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटेल. मी १९५८ चा एक परिच्छेद करून बघितला:

'शुक्रावर उतरून आम्हांला अकरा दिवस झाले होते व अकराहि दिवस पाऊस थांबला नव्हता. अग्निबाणाच्या पत्र्यावर पडणारा त्याचा आवाज आतां कोणाला ऐकूं येत नव्हता. गोपाळरावांनीं कांचेच्या नळींतलें पाणी दिव्याकडे धरून पाहिलें, वहींत आंकडा लिहिला आणि म्हणाले, पुण्याचा वर्षाचा पाऊस येथें काल दुपारपासून पडला आहे.'

रॉकेट नव्हे, अग्निबाण. शास्त्रज्ञ कोण ते सांगितलेलं नाही, फक्त गोपाळराव. आणि शुक्रावर गेलेला माणूसही पुण्याच्या मापानेच मोजतो. छापखान्यातल्या जुळाऱ्याने खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवून छापलेल्या पानावर हे अनुस्वार मिऱ्याच्या दाण्यांसारखे पसरलेले दिसत. तुमच्या कादंबरीच्या छपाईत ते तसेच येऊ द्या. मुद्रितशोधक काढून टाकायला बघेल, त्याला आधीच सांगून ठेवा.

आणि हे त्याच अण्णांचं, समजा १९७९ चं:

'शुक्रावर पाऊस पडत नाही. गोपाळरावांना हे माहीत होतं. तरी रोज सकाळी साडेआठला ते यंत्राच्या हाताने नळी बाहेर ठेवत, आत घेत, उजेडात धरत, आणि वहीत शून्य लिहीत.'

दोन परिच्छेद शेजारी ठेवा. मधली एकवीस वर्षं अण्णांना काय झालं हे सांगणारी तुमची बारा पानं आहेत, ती काढली तरी चालतील असं मला वाटतं. तुम्ही नीट विचार करून ठरवा.

अण्णांची पूर्ण कथा मात्र लिहू नका. कल्पित विज्ञानकथालेखकांमध्ये जगात सगळ्यात प्रसिद्ध बहुधा किल्गोर ट्राउट. अमेरिकन कादंबरीकार कर्ट व्हॉनगट यांनी तो निर्माण केला, आणि १९६५ पासून तो त्यांच्या कादंबऱ्यांमधून येत-जात राहिला. नाव थिओडोर स्टर्जन या खऱ्या विज्ञानकथालेखकावरून, दोन्ही आडनावं माशांची. ट्राउटने ढीगभर लिहिलंय, पण त्याच्या कथा अश्लील मासिकांत चित्रांमधली जागा भरायला छापल्या जातात, आणि त्याला कोणी ओळखत नाही. व्हॉनगट यांनी त्याच्या कथा कधी पूर्ण लिहिल्या नाहीत. पाच-सहा ओळींत सारांश द्यायचा आणि पुढे जायचं. वाचक मनातल्या मनात ती कथा वाचतो आणि ती नेहमीच चांगली असते. मग १९७५ साली फिलिप होझे फार्मर या दुसऱ्या लेखकाने ट्राउटच्या नावाने खरीखुरी कादंबरी लिहून छापली. व्हॉनगट यांनी परवानगी दिली होती, पण पुढे ते त्यावर नाराज झाले. मला त्यांची नाराजी समजते. सारांशात जो लेखक अफाट होता, तो पूर्ण पुस्तकात एका विशिष्ट पुस्तकाएवढाच उरला.

ट्राउटच्या तारखा मात्र तुम्ही आदर्श मानू नका. एका कादंबरीत तो १९८१ मध्ये वारतो, दुसरीत २००१ मध्ये. व्हॉनगट यांच्या लेखनाच्या जातकुळीत ते खपून जातं, कारण तिथे लेखक स्वतःच पात्रांमध्ये येऊन उभा राहतो. तुमची कादंबरी पेठेतल्या वाड्याची, कचेरीची, पोस्टाची आहे. तिला तारखा सांभाळाव्याच लागतील.

त्या किती सांभाळाव्या लागतात हे मी स्वतः शिकले आहे. माझ्या एका कथेत पुण्यातलं कुटुंब जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरताना टीव्हीवर बघत होतं. अंक आल्यावर एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुण्याला त्यानंतर आलं, आम्ही चंद्र रेडिओवर ऐकला. मला फार लागलं ते. चूक माहितीची होतीच, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे मी एक सुंदर प्रसंग घालवला होता. माणूस चंद्रावर उतरतोय आणि वाड्यातले सगळे एका रेडिओभोवती, काही न दिसता, नुसते ऐकतायत. विज्ञानकथेच्या वाचकांची ती पिढीच ऐकून कल्पना करणारी होती. तेव्हापासून मी कथा हातात घेतली की आधी वस्तू तपासते. तुमच्यासाठी काही: १ एप्रिल १९५७ च्या आधी मासिकाची किंमत आण्यांत, नंतर नये पैशांत, आणि १९६४ मध्ये 'नये' गळून पडलं. पत्त्यात अण्णांचं सदाशिव पेठ 'पुणे ३०', १५ ऑगस्ट १९७२ नंतर हळूहळू ४११०३०. परत आलेल्या कथेसोबत 'साभार परत' ची चिठ्ठी, आणि ती कथा पाठवताना स्वतःचा पत्ता घालून, तिकिटं लावून जोडलेलं पाकीट. आपल्याच अक्षरातला आपला पत्ता पोस्टमनच्या हातात बघितला की आत काय आहे हे लेखकाला पाकीट न फोडता कळायचं. या प्रसंगात अण्णांच्या पत्नीला घ्या. स्वच्छ प्रती त्याच काढत असणार. तुमच्याकडे त्या फक्त चहा आणतात.

नारळीकरांचा उल्लेख आलाच आहे तर एक व्यावहारिक सूचना. पुण्यातल्या विज्ञानकथालेखकावर कादंबरी म्हटल्यावर पहिला प्रश्न येणार, 'हे नारळीकर तर नव्हेत?' म्हणून अण्णा त्यांच्यापासून जितके दूर तितके बरे: परदेशी शिक्षण नाही, संशोधन नाही, पद नाही, लेखन सुरू झालं तेही त्यांच्या बरंच आधी. खरं तर कल्पित लेखकाची आपल्याकडची सगळ्यात गोड गोष्ट नारळीकरांचीच आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा ना. वि. जगताप या नावाने पाठवली. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केलेली. आपल्या नावाचं वजन परीक्षकांवर पडू नये म्हणून. त्या जगतापांना पहिलं बक्षीस मिळालं. एका कथेपुरता जन्मलेला तो लेखक मला फार आवडतो. पण त्या स्पर्धेत तुमच्या अण्णांना घुसवू नका, आणि तुम्ही केलंय तसं खऱ्या व्यक्तींच्या तोंडी अण्णांची स्तुतीही घालू नका. जी माणसं खरोखर होऊन गेली त्यांनी जे म्हटलं नाही ते त्यांच्या नावावर मांडण्याचा हक्क आपल्याला नाही. कादंबरीलाही त्याने काही मिळत नाही. 'सृष्टिज्ञान' हे विज्ञान मासिक १९२८ पासून पुण्यातून निघत होतं, मराठी विज्ञान परिषद १९६६ ला सुरू झाली, नारायण धारप पुण्यातच बसून भय आणि विज्ञान दोन्ही लिहीत होते, भा. रा. भागवत मुलांना ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठीत वाचायला देत होते. हे सगळं अण्णांच्या आजूबाजूला असू दे. अण्णा त्यातून चालत जाताना दिसले की पुरे.

प्रभावाचं काय? तुमचा खरा प्रश्न तोच होता. 'त्यांनी दोन पिढ्या घडवल्या' हे वाक्य कोणीही कोणाबद्दलही लिहू शकतं. मी प्रभाव शोधते तो दोन ठिकाणी. एक म्हणजे शब्द. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या १९२० सालच्या नाटकातून 'रोबो' जगात गेला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार. आज तो वापरणाऱ्या कोट्यवधींना चापेक माहीत नाहीत, आणि प्रभाव तो हाच. अण्णांना असा एखादाच शब्द द्या. समजा, १९७९ च्या कथेत गोपाळराव ज्या वहीत रोज शून्य लिहितात तिला अण्णांनी 'थेंबवही' म्हटलं. आता जुन्नर तालुक्यात खोडदला जा. तिथे आणि आसपासच्या परिसरात प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ दुर्बिणी आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. तुमच्या कादंबरीत तिथला एखादा तंत्रज्ञ, रात्रभर बघून काहीच सापडलं नाही अशा नोंदींच्या फाइलीला 'थेंबवही' म्हणू दे. तो शब्द कुठून आला ते त्याला माहीत नसू दे. सांगू नका कोणाला.

दुसरं ठिकाण म्हणजे वाचनालयाचं पुस्तक. पुठ्ठ्याची बांधणी, पाठीवर कापडी पट्टी, आत तारखांच्या शिक्क्यांचा कागद. १९५८ च्या त्या कथेशेजारी समासात पेन्सिलीने, मुलीचं गोल अक्षर: 'येथे तापमान ४०० अंशांच्या वर आहे. पाऊस अशक्य.' खाली १९७१ चं साल. पेन्सिलीने, हे विसरू नका. ती मुलगी दहावी-अकरावीतली. तिला अण्णांची चूक सापडली आणि त्या आनंदात तिने शुक्राबद्दल मिळेल ते वाचून काढलं. योगायोग असा की उष्णदेशीय हवामानशास्त्राची जी संस्था आज पाषाणला आहे, ती पुण्यात सुरू झाली नोव्हेंबर १९६२ मध्ये, म्हणजे मरिनर शुक्राजवळ पोहोचण्याच्या एक महिना आधी. ती मुलगी पुढे तिथे लागू शकते. चुकलेल्या कथेने जेवढी मुलं विज्ञानात नेली असतील तेवढी बरोबर निघालेल्या कथेने नेली नसतील, असं माझं प्रामाणिक मत आहे. बरोबर कथा वाचून मूल मान डोलावतं, चुकीची वाचून कागद-पेन्सिल घेतं.

तिला आणि अण्णांना एकदा भेटवा. ते निवृत्त झाल्यावर, १९८५ च्या सुमारास, वाड्याच्या ओसरीवर. ती त्यांना सांगायला आली आहे की शुक्रावर पाऊस आहे. खरंच आहे: १९७० च्या दशकात कळलं की ते ढग गंधकाम्लाचे आहेत, आणि त्यांतून आम्लाचे थेंब खाली पडतात. मात्र जमिनीवर एकही पोहोचत नाही. खालच्या उष्णतेने वाटेतच त्यांची वाफ होते.

अण्णा यावर काय बोलतील ते मला माहीत नाही, ते तुमचं काम. माझ्या डोळ्यांपुढे एवढंच येतं की ते उठून आत जातात, जुनी ट्रंक ओढल्याचा आवाज येतो, आणि ती मुलगी ओसरीवर थांबून राहते.

हा प्रसंग आधी लिहा, मग मागे जा. पुरस्कार किती ठेवायचे ते शेवटी बघू. नवी पानं झाली की पाठवा, आणि १९६२ च्या आधीच्या उताऱ्यांतले अनुस्वार एखाद्या जुन्या अंकाशी ताडून मगच पाठवा. रविवारी लक्ष्मी रस्त्याच्या पदपथावर जुनी मासिकं मांडून बसतात, तिथे मिळतील.